घरातल्या माशांचं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मत्स्यतज्ज्ञ नाही. भांडुपच्या वन-बीएचकेत वीसेक वर्षं टाक्या सांभाळतोय, एवढंच भांडवल. इमारतीत कुणाचा मासा उलटा तरंगायला लागला की बेल आमची वाजते. खालचे प्रश्न असेच जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेलेले आहेत. दर वेळी मी उलट एकच विचारतो, "खायला किती घालता?" मुंबईच्या घरांत उपाशी मेलेला मासा मी अजून पाहिलेला नाही. खाऊ घालून मारलेले मात्र मोजायचे सोडून दिलेत.

दिवसातून किती वेळा खायला द्यायचं?

वाढ झालेल्या माशांना एकदा किंवा दोनदा, पिल्लांना तीन-चार वेळा आणि तेही अगदी कणभर. आठवड्यातून एक दिवस उपास. आमच्या टाकीचा उपास सोमवारी असतो, कारण बाबांचाही सोमवार असतो आणि मग कुणी विसरत नाही.

गोल्डफिशला मात्र दिवसाचं तेवढंच खाणं दोन-तीन हप्त्यांत विभागून द्या. हा मासा आपल्या रोहू-कटल्याच्या गणगोतातला, आणि या कुळात जठरच नसतं. गिळलेलं थेट आतड्यात जातं. साठवायला जागा नाही, त्यामुळे एकदम पोटभर जेवण त्याला मानवत नाही.

"थोडंसं घाला" म्हणतात, पण थोडंसं म्हणजे किती?

डब्यावर लिहिलेलं असतं, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढं घाला. खादाड गोल्डफिश तीन मिनिटांत किती संपवतो ते तुम्ही बघितलंय का? मी मिनिटभराचा हिशोब धरतो. मिनिटाभरात दाणा तळाला जायला लागला तर आज जास्त झालं, उद्या कमी.

लहान माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं, असा एक जुना अंदाज आहे. तो काटेकोर नाही, पण हात आखडायला कामाचा आहे. फायटरला (लांब परांचा, एकटा ठेवतात तो बेट्टा मासा) बारीक पेलेटचे, म्हणजे गोळीसारख्या खाण्याचे, तीन-चार दाणे सकाळी आणि तेवढेच संध्याकाळी पुरतात. दहा-बारा गप्पींना फ्लेक्सचा, म्हणजे पातळ पापुद्र्यासारख्या खाण्याचा, एक तुकडा बोटांत चुरडून टाकला की झालं.

चिमूट हे माप मात्र घरात चालू देऊ नका. आईची चिमूट वेगळी, सहा वर्षांच्या मुलाची वेगळी, आणि काकांची चिमूट म्हणजे मूठच. आम्ही मिसळणाच्या डब्यातला एक जुना, चेपलेला चमचा माशांच्या डब्यात टाकून ठेवलाय. अर्धा चमचा सकाळी, अर्धा संध्याकाळी. त्या दिवसापासून भांडणंही मिटली.

एवढ्याशा खाण्यावर मासा जगतो कसा, हा पुढचा प्रश्न असतोच. आपल्या खाण्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात खर्च होतो. माशाला ते करावं लागत नाही, त्याचं अंग पाण्याइतकंच गरम असतं. वजन पाणी पेलतं, त्यामुळे उभं राहायचेही कष्ट नाहीत.

पण तो तर मला बघून काचेशी येतो, तोंड उघडतो. भूक लागल्याशिवाय कसा येईल?

येतो, कारण तुम्हाला ओळखतो. माशाची आठवण तीन सेकंदांची असते हे सपशेल खोटं. डबा कुठल्या कपाटातून निघतो, कुठला माणूस काचेजवळ आला की वरून दाणे पडतात, हे सगळं त्याच्या चांगलं लक्षात राहतं. नदीत, तळ्यात पुढचं जेवण कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून समोर आलं की खायचं हा त्याचा स्वभावच आहे. लग्नात पोट भरल्यावरही जिलबीचं ताट आलं की आपला हात पुढे जातोच, तसंच हे.

जास्त पडलं तर काय बिघडतं? उरलेलं रात्री खाईल की.

खात नाही. आणि याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय.

माशाचं ताट आणि माशाचं घर एकच असतं. तळाच्या खड्यांत गेलेला दाणा कुजतो. दाण्यात प्रथिनं असतात, ती कुजली की अमोनिया तयार होतो. मासा श्वासावाटे, कल्ल्यांतून जे बाहेर टाकतो तोही मुख्यतः अमोनियाच. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशाला विषासारखे. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात, त्यांची वस्ती जमायला महिना-सव्वा महिना लागतो. रविवारी टाकी आणली, सोमवारी हौसेने तीनदा खाऊ घातलं, शुक्रवारी मासे गेले, या कथेतलं रहस्य बहुतेक वेळा एवढंच असतं. "दुकानदाराने आजारी मासे दिले" असं मग घरोघरी म्हटलं जातं.

त्यात आपली हवा. एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या टाकीचं पाणीसुद्धा तीस-एकतीस अंशांवर जातं. गरम पाण्यात खाणं लवकर कुजतं, अमोनिया जास्त जहाल होतो आणि पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तीस अंशांना ७.५ च्या आसपास. खाल्ल्यावर पचनासाठी माशाला तो नेहमीपेक्षा जास्त लागतो, म्हणजे पुरवठा घटला आणि मागणी वाढली. उन्हाळ्यात दुपारी टळटळीत वेळी खायला घालू नका, सकाळी लवकर घाला.

जास्त पडलंच तर जाळीने किंवा नळीने लगेच काढा. पाणी दुधट झालं असेल तर पाव ते एक तृतीयांश पाणी बदला आणि दोन दिवस खाणं पूर्ण बंद ठेवा. सगळं पाणी एकदम बदलून टाकी घासूनपुसून लख्ख करायची नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते अँटी-क्लोरीन टाकून काढल्याशिवाय पाणी टाकीत घालायचं नाही, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा. नळाखाली धुतलात तर महिनाभर जमवलेले जिवाणू बेसिनमधून खाडीत.

पोळी, पाव, भात, शेव, बिस्किट?

नाही, नाही, नाही, नाही आणि बिस्किट तर मुळीच नाही.

पाव पाण्यात फुगतो, माशाच्या पोटातही फुगतो. पिठूळ खाणं बऱ्याच माशांना नीट पचत नाही. जे अंगी लागतं ते यकृतावर चरबी होऊन बसतं, उरलेलं पाणी आंबवतं. शेवेत तेल, मीठ, तिखट. बिस्किटात साखर आणि तूप.

मला माहीत आहे, यामागे भावना असते. माझी आजी रोज सकाळी कणकेच्या गोळ्या करून माशांना घालायची, गावच्या तळ्यावर घालायची तशाच. पण तळं आणि दोन फुटांची टाकी यांत फरक आहे, आणि कधीकधी तळंही हरतं. वाळकेश्वरच्या बाणगंगेत सर्वपित्री अमावास्येनंतर मेलेले मासे वर आल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. पिंड, भात, पीठ एकाच वेळी पाण्यात पडतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. एवढ्या मोठ्या कुंडाची ही गत, तर तुमच्या साठ लिटरांचं काय होईल ते बघा.

आजीला मी मटार सोलायला दिले. तिला काम मिळालं, माशांना भाजी.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. माशांना शाकाहारी ठेवता येईल का?

हा प्रश्न मला विलेपार्ले ते मुलुंड, सगळीकडून येतो. विचारणारे थोडे संकोचून विचारतात. संकोच कशाला? चांगला प्रश्न आहे.

उत्तर मासा कुठला यावर आहे. मॉली, प्लॅटी, गोल्डफिश हे सर्वभक्षी. स्पिरुलिना (हिरवट शेवाळाची पूड) घातलेलं खाणं, शेवाळ, मटार, पालक यांवर त्यांचं बरंच भागतं, तरी वाढीच्या वयात थोडं प्राणिज प्रथिन मिळालं तर तब्येत चांगली राहते. फायटर मात्र थायलंडच्या भातखाचरांतला किडेखाऊ. त्याचं आतडं आखूड, त्याला वाटाण्यावर ठेवणं म्हणजे मांजराला वरणभातावर ठेवणं. ऑस्कर, अरोवाना या मोठ्या शिकारी माशांचा तर विचारच करू नका.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बाजारातल्या बहुतेक कोरड्या दाण्यांत, वरून कितीही हिरवे दिसले तरी, फिशमील म्हणजे सुक्या माशांची पूड असते. ती घरात आणायची नसेल तर डब्यावरची घटकांची यादी वाचा. ज्यांना हे अजिबात चालत नाही त्यांनी फायटर घेऊच नये. मॉली घ्यावी, टाकीत वनस्पती भरपूर लावाव्यात आणि शेवाळ घासून काढायची घाई करू नये.

कुठलं खाणं विकत घेऊ?

नाव कुठलं यापेक्षा पाकीट कधीचं हे बघा. तैयो, ऑप्टिमम, टेट्रा, हिकारी, सगळे आपापल्या किमतीत ठीक. यादीत पहिल्या दोन-तीन जागांवर मासळी, कोळंबी, क्रिल (कोळंबीसारखा बारीक समुद्री जीव) असं काही असावं. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर तुम्ही महागडी पोळीच विकत घेताय. प्रथिनांचा आकडाही छापलेला असतो. गोल्डफिशसाठी तीस टक्क्यांच्या आसपास, फायटर आणि ऑस्करसारख्या मांसाहारी सिच्लिडसाठी चाळीस टक्के किंवा वर, असा माझा ढोबळ हिशोब.

क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव प्राण्यांच्या गल्लीत, कुर्ल्याला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मोठी गोणी फोडून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेलं सुटं खाणं मिळतं. स्वस्त असतं, पण गोणी कधी फुटली हे कुणालाच ठाऊक नसतं. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि हवा-उजेड-ओल लागली की पहिल्यांदा तेच उडून जातं. फार दिवस कमी पडलं तर माशाचा कणा वाकडा होतो. म्हणून छोटा डबा घ्या, दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच. एक किलोची पिशवी दोन गप्पींसाठी आणणारे लोक मी पाहिलेत. ती पिशवी नातवंडांना वारसाहक्काने मिळेल.

एकच खाणं वर्षभर घालू नका. दोन प्रकारचे डबे ठेवा आणि आलटूनपालटून द्या.

पावसाळ्यात खाण्याला वास येतो. चालेल का?

टाकून द्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पापड मऊ पडतात, तर दाण्यांचं काय! बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच तिचं विष खाण्यात उतरलेलं असू शकतं. घट्ट झाकणाचा डबा, आत कोरडी सिलिका पुडी, आणि ओले हात डब्यात घालायचे नाहीत. डबा टाकीच्या झाकणावर तर कधीच ठेवायचा नाही, तिथे दिव्याची धग आणि पाण्याची वाफ दोन्ही लागते. जास्तीचं खाणं हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी हरकत नाही, पण रोज आत-बाहेर केलं की आत दव धरतं.

एकाच टाकीत चार जातींचे मासे आहेत. खालच्यांना काही मिळतच नाही.

तोंड बघा, उत्तर तोंडावरच असतं. गप्पीचं, फायटरचं तोंड वर वळलेलं, म्हणजे ते पृष्ठभागावरचं टिपतात. टेट्रा जातीचे मासे आणि एंजल मधल्या पाण्यात, समोरचं पकडतात. कोरिडोरा, लोच यांचं तोंड खाली आणि ओठांशी मिशा, ते तळ चाचपत खातात. वर तरंगणारे फ्लेक्स वरच्यांसाठी घालायचे, आणि ते त्यात गुंतले की टाकीच्या दुसऱ्या टोकाला बुडणारी वडी सोडायची. लोचसारखे रात्री हिंडणारे असतील तर दिवा मालवल्यावर सोडा, वरचे चोरटे तोवर सुस्तावलेले असतात.

"वरच्यांचं उरलेलं खालचे खातील" या भरवशावर कोरिडोरा पाळू नका. तो काही मोलकरीण नाही.

सकर घाण खातो ना? मग त्याला वेगळं कशाला घालायचं?

सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटून राहणारा मासा, विष्ठा खात नाही. कुठलाच मासा टाकी साफ ठेवायच्या नोकरीवर नसतो. लहानपणी तो काचेवरचं शेवाळ खरवडतो, ते संपलं की उपाशी राहतो आणि मग रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटायला जातो. त्याला बुडणारी शेवाळाची वडी द्या, काकडीची किंवा दुधीची जाड चकती काट्याला टोचून बुडवा आणि सकाळी उरलेली काढा. टाकीत लाकडाचा ओंडका असेल तर तो त्यावरही तोंड चालवतो.

हा मासा फूट-सव्वा फुटापर्यंत वाढतो. नकोसा झाला म्हणून पवई तलावात किंवा संजय गांधी उद्यानातल्या ओढ्यात सोडू नका. तो तिथे टिकतो, हाच त्रास आहे. दुकानदाराला परत द्या.

जिवंत किडे द्यावेत का?

द्यावेत, पण कुठून आणता त्यावर सगळं आहे.

ट्युबिफेक्स, म्हणजे ते लाल सुतासारखे वळवळणारे गुच्छ, सांडपाण्याच्या गाळात वाढतात. मासे त्यावर तुटून पडतात, म्हणूनच त्यांच्याबरोबर नाल्यातलं काय काय पोटात जातं याची मला धास्ती वाटते. दोनदा टाकीत रोग आला तेव्हा दोन्ही वेळा आदल्या आठवड्यात मी हेच आणलेलं होतं. तिसऱ्यांदा आणले नाहीत. वाळवलेल्या वड्या किंवा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) त्यापेक्षा बरे. गोठवलेलं वाटीत टाकीचं पाणी घेऊन विरघळवा, गाळा आणि मग घाला. आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

डासांच्या अळ्या हे फायटरचं आणि गप्पीचं पक्वान्न. महापालिकेचा कीटकनाशक विभाग विहिरींत गप्पी सोडतो तो याचसाठी. पण म्हणून बाल्कनीत बादली भरून अळ्या पैदा करू नका. उन्हा-पावसात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तुम्ही दोन दिवस विसरलात की डेंग्यू तुमच्या मजल्यावर आणि पालिकेची नोटीस तुमच्या दारावर.

घरी करायचंच असेल तर आर्टेमिया करा, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव; त्यांची सुकी अंडी मिळतात. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, अर्धा छोटा चमचा अंडी आणि तळातून जोरात हवा. मुंबईच्या उकाड्यात हीटर लागत नाही, चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. हवा बंद केली की कवचं वर येतात. एका बाजूला टॉर्च धरला की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, तिथून नळीने ओढून घ्या, गोड्या पाण्यात धुवा आणि लगेच घाला. जन्मल्या जन्मल्या त्यांच्या पोटात बलक असतो, तोच पौष्टिक. उशीर केला की तो ती स्वतःच संपवतात.

गप्पीला पिल्लं झाली. त्यांना काय?

वरचा आर्टेमिया उत्तम. नाहीतर फ्लेक्स दोन बोटांत अगदी पिठासारखा चुरडून. अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून पिळून घालायचा जुना उपाय काम करतो, पण पाणी इतक्या झपाट्याने नासतं की मी तो कुणाला सुचवत नाही. आई-बापांना वेगळं करा, नाहीतर पिल्लं हेच त्यांचं जेवण.

आमच्याकडे बाजारातून कोळंबी येतेच. त्यातली दोन ऑस्करला दिली तर?

द्या की. मीठ-हळद लावायच्या आधी बाजूला काढा, सोला, धागा काढा, तोंडात मावतील असे तुकडे करा. रोज मात्र नको. काही कच्च्या कोळंब्यांत आणि माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. मुख्य जेवण दाण्यांचंच ठेवा. सुका जवळा द्यायचा असेल तर आधी चाखून बघा, खारट लागला तर तुमच्याच चटणीला ठेवा. बिनमिठाचा असेल तर धुवून, वाळू काढून, भिजवून. मटण-चिकन नको, त्यातली चरबी माशाला नीट पचत नाही.

फ्लॉवरहॉर्नचं डोकं मोठं व्हावं म्हणून काय घालू?

या माशाच्या डोक्यावरचा उंचवटा मुख्यतः आई-बापांकडून येतो. बाकी वाढ चांगलं पाणी आणि प्रथिनयुक्त खाण्यावर. "पंधरा दिवसांत डोकं" असं छापलेला डबा दिसला तर पैसे वाचवा.

रंगाचं थोडं वेगळं. लाल-केशरी रंग माशाला स्वतः बनवता येत नाही, तो खाण्यातून येतो. कोळंबी, क्रिल, स्पिरुलिना यांतली रंगद्रव्यं त्याच्या कातडीत उतरतात, त्यामुळे असं खाणं काही आठवडे दिलं की लाली खरंच खुलते. ज्या माशाच्या जातीतच लाल नाही तो मात्र गाजर खाऊनही लाल होणार नाही.

वास्तूसाठी अरोवाना घेतलाय. त्याला झुरळं आवडतात म्हणे?

आवडतात, आणि म्हणूनच सांगतो, घरातलं झुरळ देऊ नका. मुंबईत असं स्वयंपाकघर विरळा जिथे जेल किंवा फवारणी झालेली नाही. ते विष झुरळाच्या पोटातून थेट तुमच्या पंधरा हजारांच्या वास्तूत जाईल. जिवंत गोल्डफिश किंवा गप्पी घालण्याचाही मी विरोधक आहे. स्वस्त, कोंबून ठेवलेले मासे रोग घेऊन येतात. मोठे तरंगते दाणे, अधूनमधून कोळंबी, एवढ्यावर तो मजेत राहतो. सवय लहानपणीच लावा, मोठेपणी तो हट्टी होतो.

गोल्डफिश जेवल्यावर तिरका होतो, कधी उलटा तरंगतो.

गोल, टपोऱ्या अंगाच्या गोल्डफिशला हा त्रास जास्त. आत सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं, आतडं भरलं की हवेची पिशवी दाबली जाते. वरचे दाणे गिळताना तो हवाही गिळतो. दोन-तीन दिवस काही देऊ नका. मग मटार उकडा, साल काढा, मीठ न घालता कुस्करून एखाददुसरा दाणा द्या. पुढे बुडणारे दाणेच आणा आणि घालायच्या आधी मिनिटभर भिजवा. आठवड्यात फरक पडला नाही, किंवा खवले अननसासारखे उभे राहिले, तर प्रश्न खाण्याचा उरलेला नाही. माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

गणपतीला गावी जातोय. सात दिवस माशांचं काय?

काहीही नाही. खरंच काही नाही.

धट्टाकट्टा मोठा मासा आठवडा-दहा दिवस न खाता आरामात राहतो. निघायच्या दोन दिवस आधी थोडं पाणी बदला, फिल्टर तपासा आणि निघताना "बिचारे उपाशी राहतील" म्हणून जास्तीचं घालू नका. कोकणकन्या पनवेल सोडायच्या आत पाणी बिघडायला सुरुवात झालेली असेल.

सुट्टीसाठी म्हणून पांढऱ्या प्लास्टरच्या वड्या मिळतात. त्या विरघळतात, आतलं खाणं तळाला पडतं, बाकी गोष्ट तुम्हाला वर सांगितलीच आहे. आपोआप खाणं टाकणारं यंत्र चांगलं, पण भाद्रपदाच्या दमट हवेत दाणे आत चिकटून गठ्ठा होतो, म्हणून आधी आठवडाभर घरी चालवून बघा.

पिल्लं असतील किंवा पंधरा दिवसांसाठी जात असाल तर शेजारी लागेलच. शेजारी प्रेमळ असतो, हीच अडचण. औषधाच्या पुड्या बांधतात तशा एकेका दिवसाच्या पुड्या बांधा, वर वार लिहा, आणि मुख्य डबा कपाटात कुलपात ठेवा. एका वर्षी मी डबा टाकीशेजारी ठेवून गेलो. विसर्जन करून परत आलो तर डबा रिकामा, टाकीही रिकामी आणि शेजारच्या काकू दारात रडवेल्या. "रे, मागत होते म्हणून घातलं." त्यांना काय बोलणार? पुड्या बांधायला मी तेव्हापासून शिकलो. शेजाऱ्याला एवढंच सांगा की रोज एकदा हवेचा पंप चालू आहे ना ते बघा. बुडबुडे थांबले तर फोन करा.

मुलाला मासे खाऊ घालायला फार आवडतं. देऊ?

जरूर. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुंबईकरांना माशांचं वेड मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात लागलं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय म्हणजे शाळेच्या सहलीचा ठरलेला थांबा, आणि तिथून परतताना प्रत्येकाला घरी टाकी हवी असायची. मुलाच्या हातात डबा देऊ नका, मोजलेले दाणे द्या. दाणे मोजून घालायचे आणि कोण आलं, कोण आलं नाही ते बघायचं, हे काम त्याचं. जेवायला न आलेला मासा हीच आजाराची पहिली खूण असते आणि मुलांच्या ती आपल्या आधी लक्षात येते. आधी आणि नंतर हात धुवायला लावा. साबण नीट निघालाय ना तेही बघा.

नवा आणलेला मासा दोन दिवस काहीच खात नाही.

पिशवीतून, लोकलमधून, गर्दीतून आलाय तो. पहिल्या दिवशी घालूच नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा दाणा. चार-पाच दिवसांनीही तोंड लावत नसेल तर दुकानात काय खात होता ते विचारा. हे खरं तर विकत घेतानाच विचारायचं, आणि जमलं तर समोर खाताना बघूनच मासा घ्यायचा.

फायटर दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. आवडत नाही का?

बहुतेक दाणा मोठा असतो किंवा कडक. टाकीच्याच पाण्यात भिजवून, नखाने अर्धा करून द्या. दोन-तीनदा घेऊन थुंकणं हे त्याचं चावणंच आहे. तिसऱ्यांदा थुंकून त्याने पाठ फिरवली तर दाणा काढा, डबा बंद करा आणि संध्याकाळी परत बघा.